पाचवी-सातवीच्या कविता कमिटीने निवडू नयेत : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. पैसे द्या म्हणून हे पत्र नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना लायब्ररीसाठी शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत मिळतात, पुस्तकं येतातच. माझं म्हणणं फक्त लायब्ररीतल्या कवितांच्या पुस्तकांबद्दल आहे, ती मोठ्यांची कमिटी निवडते आणि कशी निवडते त्याबद्दल.

आपल्याकडे सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणी मीडियम, आणि पाचवीत गेलं की बहुतेक सगळं इंग्लिश, मराठी उरते ती एका पिरियडपुरती. म्हणजे पोर स्वतःहून वाचायला लागतं नेमकं त्याच वयात मराठी वाचणं सुटत जातं. जाड गोष्टीचं पुस्तक दिलं तर अर्ध्यात परत येतं. कवितेचं तसं नाही, ती एका पिरियडमध्ये वाचून होते, हसून होते, वर परत एकदा वाचायला वेळ उरतो.

पण कपाटात असतं काय? एकतर चिऊ-काऊची बडबडगीतं, जी सहावीतला मुलगा मित्रांसमोर हातात धरणारच नाही, नाहीतर मोठ्यांचे संग्रह, त्यात विरह, संध्याकाळ आणि अस्तित्व. तिसरा ढीग सगळ्यात मोठा, झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाईल सोडा, आईवडिलांचं ऐका, म्हणजे यमक जुळवलेला उपदेश, आणि मोठ्यांच्या कमिटीला नेमका तोच आवडतो. मुलं त्या ओळी स्पर्धेपुरत्या पाठ करतात, बक्षीस घेतात, विषय संपला. (ओळखीच्या कवीच्या भिडेखातर घेतलेल्या गठ्ठ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.)

या वयासाठी मराठीत लिहिलंच गेलं नाही असंही नाही हो. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने 'एटू लोकांचा देश' लिहिलं, सरळ सरळ गंमत, उपदेश शून्य. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. हे सगळं निवडणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही, फक्त कुणी ते वर्गात वाचून बघत नाही.

आणि आमच्या मुलांना कवितेतलं काय कळतं असं कुणी म्हणू नये. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हीच पोरं घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या ठेक्यावर आरत्यांवर आरत्या म्हणतात, हातात पुस्तक नसतं. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बाल गट जरा बसून ऐका. कान तयार आहे, मग पुस्तकं कानानेच निवडूया ना! मी तरी तेच करते, नवीन पुस्तक आलं की वर्गात मोठ्याने वाचायला देते. यमकासाठी शब्द ओढूनताणून बसवलाय तिथे वाचणारा अडखळतो म्हणजे अडखळतोच, आणि मागच्या बाकावरून हसू येतं. मुक्तछंद चालतो, त्यात गोष्ट नाहीतर खोडी असली तर. 'बाई परत वाचा' असं आलं की ते पुस्तक पास. चित्रंही बघावी लागतात, मजकूर बारा वर्षांच्या मुलाचा आणि चित्रात गुबगुबीत बाळ असलं की पुस्तक मेलं, कुणी घरी नेत नाही.

तर मागणी साधी आहे. खरेदीच्या आधी नमुन्याच्या प्रती पेडणे, सत्तरी, सांगे, सासष्टी अशा वेगवेगळ्या तालुक्यांतल्या थोड्या शाळांत पाठवा, आठवडाभर मुलांकडे राहू द्या, कुठली घरी गेली आणि कुठली कोरी करकरीत परत आली ते शिक्षकांना विचारा. आणि पन्नास पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्या, कविता चौघांनी मिळून वाचली तर रंगते, एका प्रतीत चार डोकी मावत नाहीत.

अजून एक. बाकीबाब बोरकर मराठीत लिहायचे तसे कोकणीतही, शंकर रामाणींचंही तेच. आमची बरीचशी मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, लिपी देवनागरीच. मग गोव्यातल्या कवींच्या या वयाला झेपतील अशा दोन्ही भाषांतल्या तीस-चाळीस कविता एका पातळशा पुस्तकात, चांगल्या चित्रकाराकडून चित्रं काढून, का काढू नयेत? भाषावाद मोठ्यांना लखलाभ, मुलं दोन्ही वाचतील.

नमुन्याच्या प्रती आमच्याकडे पाठवायच्या असतील तर शुक्रवारचा शेवटचा पिरियड घ्या, त्या वेळी तसंही कुणी व्याकरण शिकत नाही.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक मराठीची शिक्षिका