म्युनिकच्या मावशीला, देवगडहून

प्रिय मावशी,

तुला 'तुम्ही' म्हटलेलं चालत नाही म्हणून 'तू'च म्हणते. सकाळचे साडेसहा झालेत, मी देवगडला आमच्या ओटीवर बसलेय, समोर खळ्यात बाबा आणि भाऊ आंब्याच्या पेट्या भरतायत, सगळीकडे पेंढा पसरलाय, आणि आईने आत्ताच तिसऱ्यांदा विचारलं, त्या मावशीचे आभार नीट मानलास ना गो? म्युनिकला आम्हाला घर मिळवून दिलंस त्याचे आभार, आता तू मानू देतेस कुठे. फोनवर विषय काढला की "जेवलंस काय गो?" म्हणतेस आणि संपलं. म्हणून लिहून काढतेय, सगळ्यांसमोर, म्हणजे तुला मध्ये बोलता येणार नाही.

आम्ही 2023च्या सप्टेंबरात म्युनिकला आलो, लग्नाला जेमतेम सात महिने झालेले. कंपनीने दोन आठवडे राहायची सोय केली होती, पुढचं तुमचं तुम्ही बघा. घर काय, महिन्याभरात मिळेल असं दोघांनाही वाटत होतं, पुण्यात एजंटला फोन केला आणि चौथ्या दिवशी चावी हातात होती ना. तिकडे नेटवर 63 जणांना मेसेज केले (वहीत लिहून ठेवायचे मी, म्हणून आकडा पाठ आहे) आणि उत्तरं आली चार. मग एक फर्निश्ड फ्लॅट घेतला दीड महिन्यासाठी, भाडं अव्वाच्या सव्वा, आणि पैसे भरून झाल्यावर मालक म्हणतो पत्त्याच्या नोंदणीसाठी सही देणार नाही. तिकडे घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत त्या पत्त्यावर नाव नोंदवायचं असतं, आनमेल्डुंग, आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती नोंदणी नाही तर टॅक्स नंबर येत नाही, टॅक्स नंबर नाही तर पगारातून जास्तीचा टॅक्स कापतात. एका सहीवाचून सगळं अडलं. रात्री आम्ही दोघं एकमेकांशी भांडायचो, खरं तर भांडण कशाचंच नव्हतं, दोघंही घाबरलेलो होतो.

तुझी ओळख गणपतीत झालेली, येऊन आठवडाच झाला होता तेव्हा. आरती झाल्यावर तू प्रसादाची वाटी हातात दिलीस आणि विचारलंस गाव खंयचा, मी म्हटलं देवगड, मग कोणाची, कुठल्या वाडीतली. आजोबांचं नाव सांगितल्यावर तुझा चेहराच बदलला. माहेर मालवणचं असलं तरी तुला आमची वाडी माहीत, कुणकेश्वरच्या जत्रेला जाताना लागते म्हणालीस. नंबर दिलास, काय लागला तर फोन कर म्हणालीस. असं सगळेच म्हणतात म्हणून मी पुढे महिनाभर फोन केलाच नाही.

तो फोन कसा केला ते तुला ठाऊकच आहे. मोझाखला घर बघायला गेलो होतो, जिन्यात खालपासून वरपर्यंत रांग, चाळीसएक माणसं तरी असतील, प्रत्येकाच्या हातात फाइल, आमच्या हातात फक्त मोबाइल. पाच मिनिटांत आत जाऊन बाहेर आलो, त्या माणसाने आमच्याकडे धड बघितलंही नाही. खाली येऊन मी रडले, नवरा गप्प उभा. तुला फोन लावला तर तू एवढंच म्हणालीस, "रडतंस कित्याक? थंयच रव, मी येतंय." रात्रपाळी करून आली होतीस तू हॉस्पिटलमधून, झोपली पण नव्हतीस, आणि पाऊण तासात थर्मासमध्ये चहा घेऊन समोर उभी राहिलीस.

त्याच आठवड्यात ते लंडनवालं प्रकरण झालं. स्वस्त फ्लॅट, झकास फोटो, मालक म्हणे लंडनला असतो, दोन महिन्यांचं भाडं ट्रान्सफर करा, चाव्या कुरियरने पाठवतो. नवऱ्याने अकाउंट नंबर टाकूनही झाला होता. सहज म्हणून तुला सांगितलं आणि तू अशी ओरडलीस की फोन कानापासून लांब धरावा लागला. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा सोडायचा नाही. ते पैसे गेले असते तर आम्ही परत आलो असतो मावशी, तेवढंच उरलं होतं आमच्याकडे. हे घरी कोणालाच माहीत नाही, आज हे पत्र वाचूनच कळेल त्यांना.

मग तो रविवार. तुझ्या टेबलावर कागद पसरलेले, तू चष्मा लावून बसलेली, आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखी समोर. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा नव्हत्या आमच्याकडे, आत्ता कुठे नोकरी लागलेली, तू म्हणालीस मग नोकरीचं काँट्रॅक्ट लावू आणि बँकेचं स्टेटमेंट. शूफा, म्हणजे तिकडे माणूस उधारी वेळेवर फेडतो की नाही याचा जो कागद असतो, त्यात आमचं काहीच नव्हतं, तर तू पुण्याच्या घरमालकांकडून पत्र मागवायला लावलंस की ही मुलं भाडं वेळेवर देत होती, आणि स्वतः बसून ते जर्मनमध्ये केलंस. काल्टमीटे आणि वार्ममीटेतला फरक सांगितलास, एक नुसतं घराचं भाडं आणि दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा धरून. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिप्पट, त्याच्यावर कोणी मागूच शकत नाही, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, तसा कायदाच आहे, हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. आमचं भाडं 1180 ठरलं तेव्हा 3540 युरो एकदम कुठून आणले असते?

आणि सगळ्यांच्या वरती तू एक पान लावलंस आमच्याबद्दल. समुद्राकाठच्या गावातली आहेत, घरं तांबड्या चिऱ्याची, मुलीच्या वडिलांची आंब्याची बाग आहे. मला वाटलं हे कशाला, पगार बघणार ना ते.

गेर्मरिंगच्या घरमालकीण आजींनी नेमकं तेच वाचलं. तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरच्या शेजारीण त्या, घर अजून नेटवर टाकलं पण नव्हतं. तू सुट्टी घेऊन आलीस आमच्याबरोबर. त्यांनी विचारलं कुत्रा आहे का, सिगरेट ओढता का, आणि मग जरा चाचरत, घरात मसाल्याचे वास... मी 'नाही' म्हणणार होते, अगदी ओठावर आलं होतं, पण तू आधीच सांगून टाकलंस की हो, मासे करतात, मी पण करते गेली तीस वर्षं, खिडकी उघडून करते. त्या हसल्या. मग म्हणाल्या हिवाळ्यात रोज खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते, भारतातल्या लोकांना हे माहीत नसतं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, पेटीतल्या साड्यांना, चपलांना, अगदी देवांच्या फोटोंना बुरशी येते, आई ऊन पडलं की सगळं खळ्यात काढते. त्यावर त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि विचारलं, तांबडा चिरा म्हणजे कसा असतो? मी मोबाइलवर आमचं घर दाखवलं. दोन दिवसांनी फोन आला.

स्वयंपाकघर उघडलं तर आत काहीच नव्हतं, भिंतीतून आलेले पाण्याचे पाइप आणि शेगडीसाठी सोडलेल्या पाच वायरी, ओटा नाही, सिंक नाही, दिवाही नाही. असंच असतं तिकडे, जाणारा माणूस आपलं किचन घेऊन जातो. तू तुझी जुनी एका चुलीची शेगडी आणलीस, आणि खोबरं खवायची विळी, तुझ्या आईची, मालवणहून आणलेली. जमिनीवर बसून आपण तिघांनी पिठी-भात खाल्ला. तू निघताना खालच्या दाराशी थांबलीस, पर्समधून कागदाची पट्टी काढून आमची दोघांची आडनावं लिहिलीस, माझं आणि त्याचं, आणि बेलच्या शेजारी त्या प्लॅस्टिकखाली सरकवलीस, तशीच एक पत्रपेटीवर. मला म्हणालीस पोस्टमन इथे फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. काही दिवसांनी त्याच पेटीत टॅक्स नंबरचं पत्र आलं. पेटीवर अजून तुझंच अक्षर आहे, आजींनी छापील पाटी देऊ केली होती, मी नको म्हटलं.

गावात कोणी नवीन दिसला की म्हातारी माणसं विचारतात कोणाचो रे तू, लहानपणी मला त्याचा वैताग यायचा. म्युनिकमध्ये तुझ्याशिवाय ते विचारणारं कोणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी आमच्या वतीने सांगणारं कोण होतं? आजींच्या घरात बसून तू सांगितलंस, ही माझी मुलं आहेत. मला तेव्हा तेवढं जर्मन येत होतं मावशी, मला कळलं होतं.

आईने तुझ्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, ते येताना आणतेच. पण ती म्हणतेय की पाच वर्षं झाली तुला गावी येऊन, मालवणच्या घराला कुलूप असलं म्हणून काय झालं, माडीवरची खोली झाडून ठेवली आहे आणि बाबांनी घरामागच्या झाडावरचे आंबे अजून काढलेले नाहीत. मिरग लागायच्या आत जमतंय का ते कळव.

तुझी,
देवगडची पोर (आणि जावई)