चार तासांची चाचणी दीड तासात का उरकता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत जुनाट अपचनावर लेख आला. ओवा, सुंठ, रात्री लवकर जेवणं, सगळं त्यात होतं. पण खाल्लेलं अन्न जठरातून वेळेत पुढे सरकतं की नाही, हे मोजता येतं, याचा उल्लेख नव्हता. आमच्या घरी ते कळायला चार वर्षं गेली, म्हणून लिहिते आहे.

आईला 22 वर्षांपासून मधुमेह आहे. चार घास खाल्ले की तिचं पोट गच्च व्हायचं. जेवणाआधी इन्सुलिन घेतलं की तासाभरात साखर 60 च्या खाली जायची, दरदरून घाम सुटायचा आणि मध्यरात्री तीच साखर 300 च्या वर. अन्न जठरातच अडकलेलं आणि इन्सुलिन मात्र कामाला लागलेलं, हे तेव्हा आम्हाला उमगलं नाही. एकदा पहाटे उलटी झाली, तर त्यात आदल्या दुपारच्या उसळीतली मटकी अख्खी होती. एन्डोस्कोपी दोनदा झाली. व्रण नाही, गाठ नाही. दुसऱ्या रिपोर्टात ‘जठरात अन्नाचे अवशेष’ अशी एक ओळ होती. आई तर आदल्या रात्री आठपासून उपाशी होती! त्या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. ‘ॲसिडिटी आहे, फार मनावर घेऊ नका,’ एवढंच ऐकून घरी आलो.

पुढे एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात चाचणी झाली. टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य किंचित मिसळलेलं खाणं द्यायचं आणि गॅमा कॅमेऱ्याने जठरात किती उरलं ते पाहायचं. ना नळी, ना भूल. पण आईला दूध पाजलं आणि दीड तासात ‘नॉर्मल’ म्हणून पाठवलं. सकाळी तिने डॉमपेरिडोन असलेली गोळी घेतली होती. ही गोळी जठराला वेग देते, तरी कुणी विचारलंही नाही.

खरी पद्धत 2008 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवून दिली आहे. खाणं घट्ट हवं, मोजणी चार तास हवी आणि चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद. पातळ पदार्थ मंद जठरातूनही बऱ्याचदा सहज निघून जातात. दुसऱ्या ठिकाणी गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन दिवस बंद ठेवून, साखर आटोक्यात आणून, इडली देऊन पूर्ण चार तास तपासलं. 34 टक्के अन्न जठरातच होतं. आता आई दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊ आणि कमी तेलाचं खाते, इन्सुलिनची वेळही डॉक्टरांनी बदलली. जेवणानंतर घाम सुटणं थांबलंय.

प्रत्येक अपचनाला ही चाचणी लागत नाही. वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल तर आधी एन्डोस्कोपीच. कित्येकांचं जठर वेळेवर रिकामं होऊनही त्रास असतोच. पण ते कळलं तरी नुसत्या अंदाजाने गोळ्या बदलत राहणं थांबतं.

माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. ठरलेलं खाणं म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रेड. आईसारख्या शाकाहारी बायकांनी काय करायचं? इडली खाल्ल्यावर निरोगी माणसांच्या जठरात किती वेळाने किती अन्न उरतं, याची प्रमाणं केरळातल्या डॉक्टरांनी काढली आहेत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी उपम्यावर किंवा वरणभातावर ती का काढू नयेत? दुसरं म्हणजे गॅमा कॅमेरा मोठ्या शहरांतच. त्याऐवजी कार्बन-13 ची श्वासचाचणी करता येते, तिच्यात तर किरणोत्सर्गही नाही. खाण्यात मिसळलेला हा कार्बन जठरातून आतड्यात उतरल्यावरच शोषला जाऊन श्वासात येतो. ठरावीक वेळाने कुपीत फुंकायचं, कुप्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. अमेरिकेत 2015 पासून तिला मान्यता आहे. तालुक्याच्या रुग्णालयात फुंकलेली कुपी पुण्या-मुंबईला तपासता येईल. आरोग्य विभागाने एवढी सोय करावी, आणि आपल्या पुरवणीने हा विषय तज्ज्ञांकडून सविस्तर लिहवून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली