नाथसागरात मुलांच्या होड्या कधी उतरणार?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पैठण तालुक्यातला क्रीडाशिक्षक. आमच्याकडे खेळ म्हटलं की कबड्डी, खो-खो, फार तर धावणं. बीडच्या अविनाश साबळेमुळे धावण्याला मान आला, हे चांगलंच झालं. पण शाळेपासून सायकलच्या अंतरावर नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी आहे आणि त्यावर एकही मूल शिडाची होडी चालवत नाही. इथं मुलांना शिडाची होडी शिकवणारं केंद्र काढा, ही माझी मागणी ऐकून आमच्या स्टाफरूममध्येही हसले. टँकरच्या मुलखात कसली शिडं, म्हणाले.

भोपाळलाही समुद्र नाही. तिथल्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे आणि तिथं शिकलेल्या नेहा ठाकूर या मुलीनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली रौप्यपदक आणलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तो तलाव आपल्या नाथसागरापुढं कितीतरी लहान.

होडीचं नाव ऐकून फाईल लगेच वित्त विभागाकडं ढकलू नका. लहान मुलं शिकतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची होडी सव्वादोन मीटरहून थोडीच जास्त लांब, वजन 35 किलो, एकच शीड. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती एकट्यानं चालवतात. 1947 साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती आखली तीच मुळी स्वस्तात, प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून तयार व्हावी म्हणून. स्पर्धेची फायबरची होडी महाग पडते, मान्य. सरावाच्या पहिल्या चार-सहा होड्या मात्र पैठणचा चांगला सुतार नकाशा बघून करील. मधली फळी वर ओढली की होडी वीतभर पाण्यातही तरंगते, त्यामुळे काठाकाठानं शिकवता येतं.

यात शिकायचं बरंच असतं. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 45 अंश वळवून, आधी डावीकडं मग उजवीकडं, अशी नागमोडी न्यावी लागते. भूमितीतला कोन फळ्यावर शिकवून मी थकलो. तिथं कोन चुकला की शीड नुसतंच फडफडतं आणि होडी जागची हलत नाही. पोराला कुणी रागवायची गरज राहत नाही.

पालक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. धरणात शंभराहून जास्त गावं गेली. आजोबांची जमीन ज्या पाण्याखाली आहे, त्या पाण्याजवळ नातवानं फिरकायचं नाही, अशी घरोघरची ताकीद. ती चुकीची नाही. शेततळ्यांत आणि विसर्जनात दरवर्षी लेकरं बुडतात. म्हणूनच आधी पोहणं, अंगावर लाईफ जॅकेट, सोबत एक बचाव बोट, आणि त्यानंतरच शीड. काठावरच्या भोई समाजाच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन मानधनावर घ्या. हे पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

दुसरी अडचण पक्षी अभयारण्याची. तिथं मी वनखात्याच्या बाजूनं आहे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं उतरतात ते उथळ भाग पूर्ण वगळा, हद्द त्यांच्याकडूनच आखून घ्या. शिडाच्या होडीला इंजिन नसतं; बचाव बोट तेवढी त्या भागांच्या हद्दीबाहेरच राहील.

धरणाला 1965 साली पायाभरणी झाली तेव्हापासून या पाण्याचे वाटेकरी ठरत आले: कालवा, कारखाने, शहराची जलवाहिनी. वरच्या धरणांतून किती सोडायचं यावर दरवर्षी भांडण. त्यात मुलांचा वाटा एका थेंबाचाही नको. होडी पाणी पीत नाही.

तेव्हा विनंती इतकीच, की क्रीडा, जलसंपदा आणि वनखातं यांची एक बैठक पैठणला लावा आणि एका हंगामापुरतं केंद्र चालवून बघा. पाहणीला अधिकारी मात्र मे महिन्यात पाठवू नका. तेव्हा पाणी लांब आत सरकलेलं असतं, आणि ‘जागा अयोग्य’ असा शेरा मारून ते संध्याकाळच्या आत परत जातील. पोळ्यानंतर पाठवा.

आपला,
नाथसागरकाठचा एक क्रीडाशिक्षक