आईची कपबशी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

परवा इंदूरहून निघताना आईच्या हातातली कपबशी किणकिणत होती. स्टेशनवर बाबांना विचारलं, तर म्हणाले, "वय झालं गं." पण याच हातांनी दिवाळीत अनारसे थापलेत की!

पुण्याला पोचल्यावर त्या कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो मोठा करून पाहिला. आईचा थकवा जावा म्हणून बाबांनी अमेरिकेतल्या आपल्या पुतण्याकडून मागवलेली. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: गाईची वाळवलेली थायरॉइड ग्रंथी. आई, चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारी तू! सांगावं की नाही, दोन दिवस घोळत होते. पण सोवळ्याओवळ्यापेक्षा तुझ्या छातीतली धडधड महत्त्वाची.

त्या कॅप्सूलमधल्या भुकटीत जनावराचं थायरॉइड हार्मोन उरू शकतं. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या बाजूला शंभराहून जास्त लोक असेच धडधड, थरथर, वजन घटणं घेऊन डॉक्टरांकडे गेले. खिम्यात गाईची थायरॉइड ग्रंथी दळली गेली होती, आणि शिजवूनही हार्मोन टिकलं होतं. २०१३ साली असल्या दहा पूरक गोळ्या तपासल्या, तर नऊंमध्ये टी-३, म्हणजे थायरॉइडचंच एक हार्मोन, सापडलं. तिथे पूरक म्हणून विकायला सरकारची आधी परवानगी लागत नाही.

डॉक्टरांनी दिलेली तुझी थायरॉइडची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची, मोजूनमापून. तिच्यावर हे बिनमापाचं. जास्त झालं की झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, आणि तुझ्या वयात हृदयाचे ठोके बिघडायची भीती. मागच्या वर्षी रामबागेच्या पायऱ्यांवर घसरून मनगट मोडलंस, आठवतंय ना?

बाबा, रागावू नका. कॅप्सूल आजपासून बंद करा, सकाळची गोळी मात्र चालू ठेवा. ती रोज उपाशीपोटी, रविवारच्या पोहे-जिलबीआधीही अर्धा तास. कॅल्शियम चार तासांनी. टीएसएच, टी-४, टी-३ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना बाटलीच घेऊन जा, नुसतं "पूरक" म्हणून सांगू नका. आई केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असेल तर तेही सांगा, त्याने रिपोर्ट चुकतो. छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे वाटले तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.

थकव्याचं म्हणाल तर डॉक्टर डोस बघतील. पुतण्याला मी कळवलंय, पुढच्या वेळी बदाम आण म्हणून.

रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू