सरकारी विद्यापीठ आणि एच-४ ची मुलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या शिक्षणखर्चाबद्दल मराठीत जे छापून येतं ते बहुतेक भारतातून शिकायला येणाऱ्यांसाठी असतं. आईवडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर इथे आलेल्या मुलांचं काय होतं, ते सांगलीतल्या माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. "सरकारी विद्यापीठ आहे ना, मग एवढे पैसे कशाचे?" असं ते फोनवर विचारतात. त्यांच्यासारख्या आजी-आजोबांसाठी हे पत्र लिहिते आहे.

इथली सरकारी विद्यापीठं राज्यांची असतात. राज्याच्या रहिवाशाला एक फी, बाहेरच्याला दुसरी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२५-२६ साली पदवीला नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची मूळ फी वर्षाला १४,९३४ डॉलर होती. तो राज्याचा रहिवासी नसेल तर त्यावर आणखी ३७,६०२ डॉलर. म्हणजे तीस लाख रुपयांहून जास्त, तेही दरवर्षी. राहणं-जेवण वेगळंच.

ग्रीन कार्ड असल्याशिवाय रहिवासी होता येत नाही, असं आपली माणसं एकमेकांना सांगतात. ते खरं नाही. कॅलिफोर्नियात आईवडिलांचा नोकरीचा एच-१बी आणि मुलांचा एच-४ हे दोन्ही व्हिसा चालतात. मात्र सत्राआधी सलग वर्षाहून अधिक, म्हणजे किमान ३६६ दिवस, राज्यात वास्तव्य हवं आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसायला हवा. घराचा करार, राज्याचा आयकर, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, सगळं नव्या राज्याचं. मूल अल्पवयीन असेल तर त्याचा रहिवास आईवडिलांवरून ठरतो. आम्ही न्यू जर्सीहून फ्रीमाँटला आलो तेव्हा मुलगी अकरावीत जाणार होती. कंपनी नवऱ्याला आणखी वर्षभर तिथेच थांबायला सांगत होती. थांबलो असतो तर ३६६ दिवसांचं गणित अगदी काठावर आलं असतं. म्हणून हट्टाने त्याच उन्हाळ्यात निघालो.

पण मला रात्री जाग येते ती दुसऱ्याच तारखेने. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, मग तो देश भारताएवढा असो की आइसलंडएवढा. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली आमची तारीख, २०१६ ची आहे आणि रांग सरकत नाही. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना २१ ची होईल. तोवर नंबर लागला नाही तर तिला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागेल. हा व्हिसा शिकून मायदेशी परत जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणून त्यावर राज्याचा रहिवासी होता येत नाही. पहिलीपासून इथल्या शाळेत शिकलेली मुलगी एका वाढदिवसाने परदेशी विद्यार्थिनी ठरते.

कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये एक चांगला कायदा केला. तीन वर्षं इथल्या हायस्कुलात शिकून ते पूर्ण केलेल्या मुलांना ही जादा फी माफ, देशात राहायची कायदेशीर कागदपत्रं नसली तरी. ती मुलं इथलीच आहेत आणि त्यांना ही सवलत मिळालीच पाहिजे, असं मी मनापासून मानते. पण त्याच कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांना वगळलं. लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी २०१२ ची डाका (DACA) योजनाही त्यांच्यासाठी नव्हती, कारण तिला कागदपत्रं नसणं ही अट होती. आमच्या मंडळात गणपतीत लहान मुलांना लेझीम शिकवणारा एक मुलगा आहे. सहा वर्षांचा असताना आला. तो एफ-१ वर गेला आणि त्याच्या वडिलांनी उरलेल्या दोन वर्षांच्या फीसाठी पुण्यातला फ्लॅट विकला.

अशा मुलांना कायम वास्तव्याची वाट मोकळी करणारा 'अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट' २०२१ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, मांडला गेला. दोन्ही पक्षांच्या खासदारांचा पाठिंबा असूनही तो मंजूर झालेला नाही. इथल्या मराठी नागरिकांना मत आहे, आम्हाला नाही. त्यांनी आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून या विधेयकाबद्दल विचारावं, ही माझी त्यांना विनंती आहे.

आणि तुमच्या लेकाने किंवा जावयाने दुसऱ्या राज्यात बदली घेतोय असं सांगितलं, तर आधी विचारा: नात कितवीत आहे, आणि तिला २१ कधी पूर्ण होतात?

आपली,
सांगलीची एक माहेरवाशीण,
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया