कोचला पण वेळ द्या की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की तुमच्या पेपरात बातम्या येतात, फोटोत मुलंमुली ट्रॉफी धरून उभी, खाली मुख्याध्यापक, अध्यक्ष, सरचिटणीस सगळ्यांची नावं आणि जागा उरली तर शेवटी 'यांचे मार्गदर्शन लाभले' म्हणून कोचचं नाव. आणि टीम हरली की मात्र सगळ्यात आधी आठवतो तो कोचच, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी आठवीत आहे, बास्केटबॉल खेळते. तिच्या शाळेने यंदा कोच बदलला, कारण काय तर गेल्या वर्षी मनपा स्तरावर मुलींची टीम पहिल्याच राउंडला बाहेर पडली. सरांना टीम हातात घेऊन जेमतेम एक सीझन झाला होता हो! निम्म्या मुलींना डाव्या हाताने लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकणं, येत नव्हता, तर सरांनी खडूने सिमेंटच्या कोर्टवर पावलं काढून दिली होती, आधी डावा पाय मग उजवा, आणि उजव्यावरूनच उडायचं, बॉल नंतर देतो म्हणाले, कितीतरी दिवस मुली नुसत्या रिकाम्या हातानेच त्या पावलांवरून पळत होत्या. आम्ही पालक बाहेर उभे राहून बघायचो, काहींना वाटायचं हा काय टाइमपास, पण आता त्याच मुली मॅचमधे न बघता डावीकडून घुसतात. हे एका सीझनमधे स्कोरबोर्डवर कसं दिसणार?

अमेरिकेतले ग्रेग पॉपोविच 2025 च्या मे मधे कोचपदावरून बाजूला झाले. सॅन अँटोनियो स्पर्स या एकाच टीमचे 29 सीझन हेड कोच, पाच वेळा चॅम्पियन, एनबीए म्हणजे तिथल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगच्या रेग्युलर सीझनमधे 1422 विजय, एवढे तर दुसऱ्या कुठल्याच कोचचे नाहीत. पण त्यांची सुरुवात बघा. 1979 मधे कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर नावाच्या छोट्या कॉलेज टीमचे कोच झाले, पहिल्या वर्षी 24 पैकी 22 मॅच हरले. बावीस! कॉलेजने काढलं नाही, ते 1988 पर्यंत तिथेच होते आणि मधे 1986 ला त्याच टीमने लीग जिंकली. मग असिस्टंट म्हणून एनबीएत गेले, दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, 1996 च्या डिसेंबरमधे स्पर्सचे हेड कोच झाले तेव्हा वय 47, आणि त्या सीझनला परत 64 पैकी 47 मॅच हरले. पुढच्या वर्षी टिम डंकनसारखा खेळाडू मिळाला हे नशीब मान्य, पण चांगला खेळाडू मिळूनही वाया घालवणाऱ्या टीम्स काय कमी आहेत का. मायामी हीटचे एरिक स्पोल्स्ट्रा तर 1995 ला व्हिडिओ रूममधे मॅचच्या टेप लावायला लागले आणि हेड कोच झाले 2008 ला.

आता म्हणाल की ते एनबीए, तिथे पैसा आहे. मग आपल्या नाशिकचंच घ्या ना, सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतमागे विजेंद्र सिंग सरांची किती वर्षांची मेहनत होती, 2010 च्या कॉमनवेल्थला 10 हजार मीटरचं ब्राँझ काय एका सीझनमधे आलं का?

इथे बास्केटबॉल कोचची नोकरी म्हणजे बहुतेक ठिकाणी जून ते मार्चचं काँट्रॅक्ट, सकाळी एक शाळा संध्याकाळी दुसरी, सुट्टीत समर कॅम्प नाही केला तर एप्रिल-मे कोरडे. पटियालाला जाऊन एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा करून आलेल्या माणसाला पण हेच. पालक पण दहावीच्या ग्रेस मार्कांपुरतेच विचारतात. मग चांगले खेळाडू कोचिंगमधे का येतील? मुलींचं तर विचारूच नका, घरातूनच नको म्हणतात. स्पर्सने 2014 मधे बेकी हॅमनना फुलटाइम असिस्टंट कोच केलं, एनबीएत अशी पहिली बाई, आणि नेमणारे हेच पॉपोविच. आमच्या मुलींपैकी कोणाला पुढे कोच व्हावंसं वाटलं तर तिला आपण काय दाखवणार आहोत?

संस्थाचालकांनी किमान तीन वर्षांसाठी कोच नेमावा आणि बाराही महिने पगार द्यावा. रिझल्ट बघायचाच तर वर्षाच्या सुरुवातीला मुलींना काय येत नव्हतं आणि शेवटी काय यायला लागलं तेही बघा. आणि तुम्ही बातमीत कोचचं नाव कॅप्टनच्या शेजारी छापा, हरलेल्या टीमच्या सुद्धा, ही कळकळीची विनंती.

नवीन सरही मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. म्हणूनच यंदाच्या मनपा स्पर्धेत काय होईल ते होवो, त्यावरून त्यांना काढू नका असं आम्ही काही पालक सह्या करून शाळेला देणार आहोत, आणि जुन्या सरांनाही ज्युनियर मुलींसाठी परत बोलवा हे त्यातच लिहिणार आहोत.

एक पालक,
इंदिरानगर, नाशिक