शीतगृहांचे वीजबिल आणि दोन टप्पे

महोदय,

कोकणातील मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांच्या वीजबिलाची चर्चा बहुधा दर आणि अनुदान यांपाशीच थांबते. यंत्रातील उष्मागतिकीकडे, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या हिशेबाकडे, कोणी वळत नाही. या यंत्रांत फिरणारा अमोनिया बाष्पीभवन होताना मासळीची उष्णता शोषतो आणि द्रवीभवन होताना ती बाहेर टाकतो. त्याचे बाष्पीभवन उणे 40 अंश सेल्सिअसला आणि द्रवीभवन 40 अंशांना होत असेल, तर दाब सुमारे 0.72 बारवरून (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) 15.5 बारवर, म्हणजे जवळजवळ 22 पट, न्यावा लागतो. हे काम एकाच कॉम्प्रेसरवर सोपवल्यास बाहेर पडणारा वायू आदर्श स्थितीतही 200 अंशांच्या घरात तापतो, वंगणतेल जळू लागते आणि सिलिंडरमधील मोकळ्या जागेत उरलेला वायू प्रसरण पावून नव्या वायूची जागा अडवतो.

दाब दोन टप्प्यांत वाढवून मध्ये सुमारे 3.3 बारला फ्लॅश इंटरकूलर (खालच्या कॉम्प्रेसरमधून आलेला तापलेला वायू द्रव अमोनियाने थंड करणारे भांडे) बसवला, तर प्रत्येक टप्प्याचे दाबाचे गुणोत्तर पाचाच्या आत येते. शिवाय द्रवाचा दाब उतरवताना तयार होणारी साधारण 17 टक्के वाफ तेथूनच वरच्या कॉम्प्रेसरकडे जाते. तिला उणे 40 अंशांपर्यंत नेऊन पुन्हा वर ओढण्याचा खर्च टळतो. मधला दाब दोन्ही टोकांच्या दाबांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असावा, हा पाठ्यपुस्तकी नियम मात्र अंदाजापुरताच घ्यावा, कारण इंटरकूलरमध्ये थंडावा अमोनियाच्याच बाष्पीभवनाने मिळतो आणि वरच्या टप्प्यातून जाणाऱ्या वायूचे वस्तुमान वाढते.

भाजीपाला शून्याच्या आसपास ठेवणाऱ्या शीतगृहाला हा खटाटोप परवडणार नाही, हेही खरे. म्हणून अनुदानाच्या अर्जात क्षमतेसोबत बाष्पीभवनाचे तापमानही विचारले जावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी